कोर्टाला भोक पाडायचं न्हाई

मी शिडीवर चढून रिंगला नवी जाळी बांधत होतो. राजाभाऊ खाली उभा राहून, हात वर करून, जाळीचं खालचं टोक ओढून बघत होता. त्याला शिडी कधी लागलीच नाही.

"मामा, ही गाठ ढिली हाय."

"तू जन्मभर जाळीत बॉल टाकला. बांधली कवा?"

"मामी असती तर तुमचं तोंड बंद केलं असतं."

"मामी असती तर तू इथं कशाला थांबला असता? भाकरी खाऊन आमच्या ओसरीत घोरत पडला असतास."

हसला. गुडघा चोळत घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच गेला. जाळी बांधली ते आमचं शेवटचं काम.

मी नांदेडच्या एका मैदानावर ग्राउंडमन. म्हणजे झाडायचं, पाणी मारायचं, कोर्टाच्या रेषा मारायच्या. शाळा दुसरीत सुटली. नोकरी केव्हाच संपली, पण गेटची किल्ली माझ्याकडंच राहिली. बायको गेल्यावर तर मी तिथंच जास्त असतो. घरी कोण हाय?

राजाभाऊ लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरचा आणि खेळला नांदेडकडून. त्यामुळं लातूरवाले म्हणायचे आमचा, नांदेडवाले म्हणायचे आमचा. आख्ख्या मराठवाड्यात त्याच्यासारखा बास्केटबॉल कोणी खेळला नाही. हे मी म्हणत नाही, त्याच्याकडून हरलेले म्हणतात.

तिसऱ्या दिवशी कोर्टावरच शोकसभा ठरली. लातूरहून गाड्या निघाल्या होत्या. मंडपवाला बाबूभाई आला आणि त्याच्या माणसानं कोर्टाच्या मधोमध ड्रिल मशीन टेकवलं.

मी म्हणलं, "काय करून राहिले?"

"मामू, मंडप की बल्ली के नीचे सळई ठोकनी है. उंगलीएवढं होल. बाद में सिमेंट भर के देता मैं."

लोकांना वाटतं, सिमेंटच्या कोर्टाला भोकानं काय होतं? सांगतो. भोक भरलं तरी ते वेगळं राहतं. पावसाळ्यात पाणी आत जातं, खालची माती बसते, वरचा थर पोकळ होतो. तिथं बॉल मरतो. बॉल मरतो म्हणजे आपटला की कमरेपर्यंत यायचा तो गुडघ्याच्या खालीच राहतो. पळणाऱ्याचा हात रिकामा जातो आणि तो तोंडावर पडतो. या कोर्टावर रोज सकाळी पोरी खेळतात. आणि दुसरं कोर्ट मिळायला किती वर्षं लागतात ते मला माहीत हाय. आधी इथं नुसता मुरूम होता. राजाभाऊचे गुडघे त्याच मुरमानं खाल्ले.

मी मशीनच्या पुढं जाऊन बसलो. सरळ बसलो, मांडी घालून.

मैदानाचे साहेब आले. वयानं लहान, पण बोलायला नीट माणूस. "मामा, उठा. पाहुणे येऊन राहिलेत. एवढ्या उन्हात म्हाताऱ्या खेळाडूंना बसवायचं का?"

"मंडप बाहेर टाका."

"बाहेर एकीकडं भिंत, एकीकडं रस्ता. जागा दाखवा मला."

"मग वाळूचे ड्रम आणा. त्यात बल्ल्या रोवा."

बाबूभाई म्हणाला, "ड्रम लाने में शाम होती मामू. सभा कल करता क्या?"

साहेब चिडले. "राजाभाऊपेक्षा तुम्हाला फरशी मोठी झाली का?"

ते लागलं. उठतो आता, असं वाटलं. सगळं मैदान माझ्याकडं बघत होतं. ज्याच्या जाण्यानं माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, त्याच्याच सभेला मी आडवा आलो, असं दिसत होतं. तरी उठलो नाही. म्हणलं, "मोठी न्हाई साहेब. पण त्याचं खेळून झालं. पोरींचं राहिलं."

तेवढ्यात लातूरच्या गाड्या आल्या. माणसं उतरली ती रडतच. कंधारचा गंगाधर दुकान बंद करून आला होता. हा राजाभाऊच्या टीममधला, पुढं पंच झाला. आता पोट एवढं, की शर्टाचं खालचं बटण लागत नाही. माझं काय चाललंय ते कोणी विचारलं नाही. माझ्याभोवती उभं राहूनच त्यांचं सुरू झालं.

"इथली लातूरबरोबरची फायनल आठवते का? शेवटचा बास्केट. डाव्या कोपऱ्यातून टाकला."

"डाव्या? उजव्या! मी तिथं बसलो होतो."

"तू चिवडा खाऊन राहिला होतास, तुला काय दिसतंय?"

"अरे, आम्ही हरलो त्या दिवशी! हरलेल्याला दिसतं सगळं."

शेवटी गंगाधर म्हणाला, "भांडू नका. मामा तर बोर्डाजवळच होते. विचारा त्यांना."

मी म्हणलं, "मी काय सांगू? बोर्डाचा खांब हलून राहिला होता. आम्ही चौघं मागून दाबून धरून उभे होतो. मला लाकूड तेवढं दिसलं. लोक ओरडले तेव्हा कळलं की बास्केट झाला."

सगळे हसले. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी हसले. आणि बोलता बोलता माझ्याच डोक्यात आलं. मी म्हणलं, "बाबूभाई, बल्ल्या ठोकू नको. हे धरतील."

"कौन?"

"हे सगळे. एका बल्लीला दोघं."

साहेब म्हणाले, "तासभर? या वयात?"

गंगाधरनं खिशातनं शिट्टी काढली. दुकानदार माणूस, शिट्टी कशाला बाळगतो देव जाणे. "थकला की हात वर करायचा. मी शिट्टी वाजवतो, दुसरा आत. सब्स्टिट्यूशन. खेळताना करत नव्हतो का?"

मग तसंच झालं. बाबूभाईनं कापड बांधलं. बल्ल्यांच्या टोकाला गोणपाट गुंडाळलं आणि माणसांनी त्या धरल्या. एका बल्लीला एक नांदेडचा, एक लातूरचा. हे कोणी ठरवलं नव्हतं. वारं आलं की मंडप एका बाजूला कलायचा आणि सगळे ओरडायचे, "दाबा, दाबा!" भाषण करणारा थांबायचा. मग शिट्टी. कोणीतरी घाम पुसत बाहेर, कोणीतरी बाह्या सारत आत. साहेबांनी पण एक बल्ली धरली. मी धरली होती तिच्या शेजारचीच. माझ्याकडं बघितलं नाही, पण सोडलीही नाही. बोलणाऱ्यांचं फार ऐकू आलं नाही मला. पण एवढी माणसं एका माणसासाठी हात वर करून उभी राहिलेली मी पुन्हा बघणार नाही.

कोर्टाला भोक पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेट उघडलं. खांदा वर जात नव्हता. पोरी आल्या आणि बाहेरच थबकल्या. रात्री कोणीतरी राजाभाऊचा फोटो हार घालून रिंगच्या बरोबर खाली ठेवला होता. पुढं पणती. पोरींनी बूट काढून हातात घेतले होते.

एकीनं विचारलं, "मामा, आज खेळायचं न्हाई ना?"

मी फोटो उचलला. जड होता. नेऊन बाकावर टेकवला, कोर्टाकडं तोंड करून. पणतीही तिथंच ठेवली. मग म्हणलं, "बूट घाला. उशीर झालाय."

ग्राउंडमनच्या कामातलं जे शिकलो ते सांगतो. रिंगखाली फोटो ठेवू नये. बॉल तिथंच पडतो.