मी न केलेले फोन

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. नागपूरला आमच्या घरी अंगारा, गंडा, दृष्ट काढणं यातलं काहीच चालायचं नाही. बाबांनी आम्हा भावंडांकडून बावीस प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या होत्या, आणि वस्तीत कुणाच्या अंगात आलं की तिथे जाऊन वाद घालणारे पहिले तेच. मीही त्यांचीच मुलगी. असले अनुभव वाचून "बाईची झोप कमी पडली असेल" असं म्हणत नवऱ्यासोबत मनसोक्त हसलेली आहे. त्यामुळे आता माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही.

गोष्ट २०२१ मधली, सिडनीतल्या त्या लांबतच गेलेल्या लॉकडाऊनची. आम्ही पॅरामॅटाला स्टेशनजवळ राहतो, सहाव्या मजल्यावर. नवरा वेस्टमीडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये... म्हणजे त्या दिवसांत घरी फक्त आंघोळीला आणि झोपायला. मी एका कम्युनिटी कॉलेजात कामाला. कुकरी, एज्ड केअर, अकाउंटिंग असले कोर्सेस, निम्मी मुलं परदेशातून आलेली. माझ्या टीमचं नाव मोठं भारदस्त — 'स्टुडंट सक्सेस अँड सेफ्टी'. एरवी आमचं काम म्हणजे कुणाची हजेरी कमी आहे, कुणाची असाइनमेंट अडकलीय, संध्याकाळच्या क्लासनंतर मुलींना कार पार्कपर्यंत सोबत मिळते की नाही, हे बघणं. कॅम्पस बंद झाला आणि हे सगळं एका यादीवर आलं. जो आठवडाभर ऑनलाइन क्लासला दिसला नाही त्याचं नाव यादीत. त्याला फोन करायचा — जेवतोस का, एकटा आहेस का, तब्येत बरी आहे ना — आणि नावापुढे टिक करून एक ओळ लिहायची. फोन लॅपटॉपवरूनच लागायचा. समोरच्याच्या स्क्रीनवर कॉलेजचं नाव दिसायचं.

त्या गुरुवारी यादीत सत्तावीस नावं होती. दुपारी दोनपर्यंत वीस जणांशी बोलून झालं. त्यातली तिघं रडली, एकाने शिव्या घातल्या. समोर त्याच टेबलवर माझी सात वर्षांची ओवी शाळेचे वर्ग करत होती आणि दर पाच मिनिटांनी "मम, आयॅम बोर्ड" म्हणत होती. डोकं अक्षरशः ठणकत होतं. मग मी एक गोष्ट केली... उरलेल्या सात नावांपुढे फोन न करताच टिक केलं. 'विद्यार्थ्याशी बोलणं झालं, सर्व ठीक.' एकदा लिहिलं, सहा वेळा चिकटवलं. सरळ पाट्या टाकल्या! लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला, ओवीला कार्टून लावून दिलं आणि तिच्या शेजारी सोफ्यावर आडवी झाले. डोळा लागला तो थेट पाचला उघडला. घसा पार बसला होता, आवाजच फुटेना. कोविड की काय अशी शंका आली, पण रात्री गरम पाणी प्यायल्यावर बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मात्र मन खायला लागलं. ठरवलं, त्या सात जणांना गुपचूप फोन करून टाकायचे. पहिलं नाव होतं शॅरन लोपीस. एज्ड केअर, पहिलं वर्ष. मुलगी ब्राझीलची असेल, असं मी मनाशी धरून चाललेले. नेहमीसारखी इंग्रजीत सुरुवात केली, "हाय शॅरन, हाऊ आर यू गोइंग?"

पलीकडून अस्सल मराठीत उत्तर, "ताई? आज इंग्लिशमध्ये का बोलताय? काल तर मराठीत बोलत होतात."

"काल?"

"हो ना. तुमचा फोन आला नसता तर मी मेलेच असते, ताई."

शॅरन वसईची निघाली. इथे एका घराच्या गराजमध्ये भाड्याने राहायची — एक पलंग, एक टेबल, समोर लोखंडी शटर. हीटर बिघडलेला. गारठा सहन होईना म्हणून दुपारी तिने अंगणातली बार्बेक्यूची शेगडी आत आणून कोळसे पेटवले होते. शटर बंद. मग डोकं जड झालं आणि ती झोपली.

"फोन वाजत होता, पण हातच उचलवेना. मग कसाबसा घेतला. तुम्ही एकदम ओरडलात, ऊठ! रांगत जा, पण शटरपर्यंत जा. मी म्हटलं, ताई, झोप येतेय. तर म्हणालात, मी फोन ठेवणार नाही, तू शटर उघडेपर्यंत ठेवणार नाही. मला आईची आठवण आली."

मी विचारलं, "शॅरन, मीच होते? नक्की?"

"तुमचाच आवाज, ताई. नावपण सांगितलंत, प्रज्ञा म्हणून. फक्त तुम्हाला खूप धाप लागली होती, पळत आल्यासारखी. आणि मी विचारणारच होते... शेगडीचं तुम्हाला कसं कळलं?"

मी काहीतरी थातूरमातूर बोलले. शेगडी बाहेर आहे ना, डॉक्टरला दाखवलंस का, हे विचारलं आणि फोन ठेवला. ओवीला विचारलं, काल दुपारी मी कुणाशी बोलत होते का गं? ती टॅबलेटवरून नजरही न काढता म्हणाली, "नो मम, यू वर स्नोरिंग."

मग मी बाकीच्या नावांकडे वळले. कामापेक्षा जास्त भीतीने, हे कबूल करते. पाच जणांनी फोन उचलला. पाचही ठीक. आणि पाचही जणांना आदल्या दिवशी कुणाचाही फोन आलेला नव्हता. हुश्श करावं की घाबरावं, तेच कळेना.

सातवा सुजन. नेपाळचा, एकोणतीस वर्षांचा, कुकरी शिकणारा. बायको आणि लहान मुलगी पोखऱ्याला. त्याचा फोन वाजून वाजून बंद झाला. तीनदा केला, चौथ्यांदाही केला. मग नियमाप्रमाणे फाइलमध्ये दिलेल्या रूममेटला फोन लावला. तो डिलिव्हरीच्या कामावर होता. म्हटलं, भैया, अभी के अभी घर जाओ, दरवाज़ा खोलो. तो गेला. ॲम्ब्युलन्सही त्यानेच बोलावली. पण उपयोग नव्हता. सुजनला कोविड झाला होता, टेस्टसुद्धा केली नव्हती. गुरुवारी संध्याकाळीच केव्हातरी गेला असावा, असं नंतर कळलं.

मला रडू आलं ते फार वेळ थांबलंच नाही. मी त्याच्या नावापुढे 'सर्व ठीक' लिहिलं होतं हो! तो त्या खोलीत एकटा तापाने फणफणत असताना मी इथे घोरत पडले होते.

रूममेट दोन दिवसांनी परत बोलला. "दीदी, गुरुवार को उसका फोन बजता ही रहा. एक के बाद एक. मैं नाइट करके सोया था, परेशान हो गया. दरवाज़ा खटखटाया तो बोला, कॉलेज वाले हैं, अटेंडन्स के लिए डाँटेंगे, सोने दे. मैंने भी छोड़ दिया." मी विचारलं, कॉलेजवाले म्हणजे नक्की कोण? तो म्हणाला, "स्क्रीन पे कॉलेज का नाम था ना, दीदी."

पुढच्या आठवड्यात माझा मॅनेजर ग्रेग याने व्हिडिओ मीटिंग लावली, फक्त आम्ही दोघं. विद्यार्थ्याचा मृत्यू झाला की सगळ्या नोंदी तपासतात. मी ठरवून बसले होते — आज खरं सांगायचं. नोकरी गेली तर गेली. ग्रेगने स्क्रीनवर फोनची नोंद दाखवली. गुरुवार दुपार, माझं लॉगिन. शॅरनला एक कॉल, अकरा मिनिटं. तो संपला त्याच मिनिटाला सुजनला पहिला. मग दुसरा, तिसरा... पूर्ण रिंग वाजू द्यायची, की लगेच पुढचा. एकूण सतरा. शेवटचा चार अठ्ठावन्नला.

"सतरा वेळा ट्राय केलंस, प्रज्ञा," ग्रेग त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "तू शक्य ते सगळं केलंस." मी म्हटलं, ग्रेग, माझ्या नोंदीत लिहिलंय की तो ठीक आहे... तर म्हणाला, "गडबडीत चुकीच्या ओळीवर टिक झालं असेल. नो वरीज, मी बदलतो." आणि माझ्यासमोर त्याने ती ओळ खोडून लिहिलं — 'सतरा प्रयत्न, उत्तर नाही.' मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते फक्त "थँक यू".

लॅपटॉप कपाटात होता. घरात मी आणि ओवी, तिसरं कुणी नाही. आयटीवाल्याला मी वेगळी सबब सांगून विचारलं, तर कॉल आमच्याच घरच्या इंटरनेटवरून गेलेले. सिस्टिमचा घोळ म्हणावा तर घोळ मराठीत बोलत नाही. मी झोपेत उठून केलं म्हणावं, तर शेगडी मला कुठून दिसली? आणि सातपैकी नेमकी तीच दोन नावं का निवडली? बाबांना फोनवर सगळं सांगितलं. आयुष्यभर दुसऱ्यांशी वाद घालणाऱ्या बाबांनी या वेळी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "कारण असेलच गं. मला माहीत नाही एवढंच." मलाही अजून माहीत नाही.

कॉलेजने ती नोंद सुजनच्या घरी कळवली. महिन्याभराने त्याच्या बायकोचा मला मेसेज आला. 'दीदी, आपने उन्हें सत्रह बार फोन किया. अपना कोई भी इतनी बार नहीं करता. मैं आपको कभी नहीं भूलूँगी.' दर दसऱ्याला ती मला मुलीचा फोटो पाठवते. मी दरवेळी 'खूब प्यार' असं उत्तर देते. खरं तिला अजून सांगितलेलं नाही... बाबांनंतर आज पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय.