सायकलला चाकं किती?

मंडळी, आज संध्याकाळी डोकंच फिरलं. सायकलवाल्यांना सुरक्षित रस्ता मिळावा म्हणून नाशिकमध्ये मदतनिधीसाठी गाण्यांचा कार्यक्रम होता. आम्ही वीसेक जण सायकलनेच गेलो.

हॉलच्या गेटवर वॉचमन काकांनी अडवलं. "ताई, सायकली बाहेर रस्त्यावर लावा. आत फक्त टू-व्हीलर."

"काका, हिची चाकं मोजा बरं!"

"अहो, टू-व्हीलर म्हणजे गाडी. मला वरून ऑर्डर आहे."

तेवढ्यात आजची गायिकाच सायकलवरून आली. तिने सगळं ऐकलं आणि गेटातच सायकल लावली. "सायकली आत जाईपर्यंत मी इथेच गाणार," म्हणाली, आणि लागली की गायला! आम्ही टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या गाण्याला मॅनेजर धावत आला आणि आमच्या सायकली बाइकच्या रांगेत लागल्या.

मध्यंतरात बघते तर रांगेच्या टोकाला आणखी एक जुनी सायकल. वॉचमन काका हळूच म्हणाले, "माझीच आहे. रोज मखमलाबादहून येतो. इतकी वर्षं बाहेर भिंतीला टेकवून ठेवायचो."

तुमच्या ऑफिसात, सोसायटीत सायकल कुठे लावायला सांगतात? माझी उद्यापासून टू-व्हीलरच्याच रांगेत लागणार. कुणी हलवून तर दाखवा!