हुसेनाबींची गोड रोटी

नातीनं ओट्यावर खमीर घालून पीठ फुगत ठेवलंय. त्या आंबूस-गोड वासानं मी निजामाच्या काळातल्या पाथरीत पोचले.

संक्रांत होती. शेजारच्या हुसेनाबींना मी वाटीतून तिळगूळ दिला. त्यांनी खमिराची केशरी रोटी माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर शिवणाच्या अंगुस्तान्यानं दाबून फुलं उमटवली होती.

"तुज्यासाठीच केली, बेटा. गरम हाय तवर खा."

आमच्याकडं त्यांच्या घरचा कोरडा शिधा चाले, शिजवलेलं नाही. मी परसात जाऊन रोटी गाईपुढं टाकली. वळले, तर माझी विसरलेली वाटी घेऊन हुसेनाबी उभ्या होत्या. वाटी पायरीवर ठेवून त्या निघून गेल्या.

पुढच्या संक्रांतीला त्यांनी मला मैदा, साखर आणि केशर दिलं.

"तुज्या हातानं कर, बेटा."

ती फुलं कशी उमटवायची, हे विचारायला मला तोंड उरलं नव्हतं.