पुढची तपासणी

शेषेरावकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळपासून लांबच्या एका पवनचक्कीच्या माथ्यावर होतो. त्यांचा पुतण्या एवढंच म्हणाला, "काका गेले. तासाभरात उचलनार हाय." तसाच धावत सुटावं असं वाटलं, पण तिथून धावणार कुठं? अंगावर खांद्यांना, कमरेला आणि मांड्यांना आवळलेला पट्टा, त्याला दोन दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला हुक. आमच्या जुन्या टॉवरची शिडी उतरताना एक हुक खालच्या पायरीला लावायचा, मगच वरचा काढायचा. हे मला काकांनीच शिकवलेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र त्यांचं ऐकत होते… लाव, काढ, लाव, काढ. त्यांच्या गावी, सिरसाळ्याला पोचलो तोवर चिता पेटली होती. त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही ते त्यांच्याच शिकवणीमुळं, आणि खरं सांगतो, याचा मला अजून राग येतो.

काका स्वतः टॉवरवर चढत नसत, गुडघे केव्हाच गेले होते. माळावरच्या पत्र्याच्या स्टोअरमध्ये बसून ते आम्हा चढणाऱ्यांचे पट्टे तपासायचे. दारातल्या उजेडात पट्टा घ्यायचा, अंगठ्यावर वाकवायचा आणि बोटभर बोटभर पुढं सरकवत तुटलेला धागा शोधायचा. मग शिवण, मग हुकाची स्प्रिंग, मग लेबलावरचा नंबर. शंका आली की कात्री घेऊन खांद्यापाशी सरळ दोन तुकडे, म्हणजे पुन्हा कुणाच्या अंगावर तो चढायला नको. माळावर मेंढरं चारणारे बापे हळहळायचे, "चांगला हाय की ओ, मला तरी द्यायचा." काका हसून तुकडे देत. अख्खा पट्टा त्यांनी कधी कुणाला दिला नाही.

एका दसऱ्याला आमच्याकडून मोठा घोळ झाला. आम्ही सगळी शेतकऱ्यांची पोरं. पोळ्याला बैलांच्या घुंगरमाळेच्या कातडी पट्ट्यांना तेल चोळायचं, दसऱ्याला अवजारं पुजायची, हे हाडीमाशी मुरलेलं. ज्याच्या जोरावर आपण जगतो त्याची पूजा नको का? म्हणून आम्ही सहा जणांनी आपापले पट्टे धुऊन पुसून मांडले, करडईचं तेल मनापासून चोळलं, वर हळदकुंकू, झेंडूची फुलं. पट्टे काय झळकत होते! काका आले, वाकून वास घेतला, हात जोडून पूजेला नमस्कारही केला… आणि कात्री काढली.

"काका, सणाच्या दिशी कापता?" मी ओरडलोच.

"तेल पिलाय पट्टा, भागवत. तेलाला धूळ धरती, धूळ आतून धागा खाती. आन् कुंकवाखाली नंबर दिसंना. कातड्याचं न्हाई हे, नायलॉन हाय."

"आमी पूजा केली हो त्याची!"

"मी बी केली की," ते म्हणाले आणि सहाही पट्टे कापले.

नवे पट्टे यायला तीन आठवडे लागले. तोवर कुणी चढलं नाही, सुपरवायझर काकांवर करवादत राहिला आणि आम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलं. मी तर दिवाळीचा फराळसुद्धा दिला नाही. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. सगळ्यांची खात्री होती की पूर्वी यांनी पास केलेला पट्टा तुटून कुणीतरी मेलं असणार, म्हणून हा माणूस असा. एकदा मी विचारलंच. काका म्हणाले, "कुनी पडलं न्हाई रे. आदी पडायला पायजे व्हतं का?"

त्यानंतर आमचं पुन्हा जमलं. काका मुक्कामालाही स्टोअरमध्येच असायचे; मुलगा त्यांना पुण्याला बोलवायचा, काकू सिरसाळ्यात एकट्या. मी म्हणायचो, जा ना घरी, कशाला या पत्र्यात भाजून घेता? ते म्हणायचे, "लई वाटतं जावं. पन मी उठलो की या खुर्चीत सही करनारा बसंल, तपासनारा न्हाई." असं म्हणताना त्यांचा चेहरा बांधून घातलेल्या जनावरासारखा व्हायचा. ते त्या खुर्चीतच गेले. सकाळी चहा घेऊन गेलेल्या माणसाला मान कललेली दिसली.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी सुपरवायझरनं मला बोलावलं. "काकाच्या जागी तू बस. पट्टे सगळे बरे हायेत, सह्या तेवढ्या कर." मला त्या जागी बसायचं नव्हतं. माझी बायको सुनीता अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स आहे. लग्नाला चार वर्षं झाली, आणि आता कुठं मला तिथंच काम मिळालं होतं. महिनाअखेरीला सोडतो, दुसरा माणूस बघा, असं सांगून मी त्याच्या ताब्यात द्यायला काकांचं रजिस्टर आणायला स्टोअरमध्ये गेलो. ते उघडलं. शेवटच्या तपासणीच्या पानावर, प्रत्येक पट्ट्यापुढं, पुढची तपासणी कोण करणार त्या रकान्यात काकांनी त्यांच्या ठसठशीत अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं: भागवत. भागवत. भागवत… पार खालपर्यंत. एका शब्दानं विचारलं नव्हतं मला. "काका, असं कुणी अडकवतं का हो?" मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो आणि हमसून हमसून रडलो.

मग खुंटीवरचा पहिला पट्टा घेतला आणि अंगठ्यावर वाकवला. मांडीपाशी शिवणीचे दोन धागे सुटले होते. "बरे हायेत" म्हणे! पट्टा मांडीवर तसाच ठेवून मी सुनीताला फोन लावला.

"या महिन्यात न्हाई जमत," मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात नक्की येतो."

ती म्हणाली, "काकू दहाव्याला सांगत व्हत्या… काका बी दर महिन्याला हेच म्हनायचे."

फोन ठेवला. दारात बाकीचे पाच जण पट्ट्यांसाठी उभे होते.