वर जाऊन आलेला

मी बी.ए. झालो तो शांताअक्कामुळे. माझ्या या थोरल्या बहिणीने निपाणीत विड्या वळून मला शिकवलं. बेंगळूरला विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एजन्सीत मी लागलो, तेव्हापासून तिच्या पत्रात एकच प्रश्न असे, विमानात बसलास का?

गिऱ्हाइकांना प्रवास नीट समजावता यावा म्हणून विमान कंपनी दरवर्षी एखाद्या एजन्सीच्या कारकुनाला मुंबईला फुकट फिरवून आणी. त्या वर्षी शेजारच्या एजन्सीतला कारकून गेला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. परतल्यापासून तो दारात उभा राहून, गाल फुगवून दाखवत सांगे, "स्वल्प कान दुखतात, अण्णा. कापूस घाला, गोळी चघळा." लोक हसत आणि तिकीट त्याच्याकडेच काढत. मी छापील वेळापत्रक घेऊन बसे.

एकदा तो मला मायेने म्हणाला, "सरी, ठीक आहे, तुम्हीही जाल. तोवर कुणी काही विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

त्या दिवशी मी अक्काला लिहिलं: "अजून बसलो नाही. जो बसून आला तो माणूस चांगला आहे, पण मला तो बघवत नाही. तू इतकं केलंस, आता आणखी हाव धरू नये हे कळतं. तरी अक्का, मला एकदा वर जायचं आहे."