बाईंची कापूसवेचणी

आमच्या शेजारच्या शाळेतल्या बाई गेल्या, तेव्हा सगळ्या मारेगावाने त्यांच्या साधेपणाचं कौतुक केलं. साधेपणा! पेपर टाकणाऱ्यालाही त्या "नीट, पुन्हा" म्हणायच्या आणि तो मुकाट्याने पेपर उचलून पुन्हा टाकायचा.

एका वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली आणि तांड्यावरच्या त्यांच्या सगळ्यात हुशार मुलीला आईने कापूस वेचायला घरी ठेवलं. रविवारी बाई नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, सहा वर्षांच्या नातवाला आणि जीप चालवायला मला घेऊन थेट त्या शेतात उतरल्या. मुलीच्या आईला म्हणाल्या, "पोरीच्या वाटचा कापूस आम्ही वेचतो. तिले शाळेत धाड."

दुपारपर्यंत बाईंच्या ओटीत कापसापेक्षा वाळली पानंच जास्त. कच्ची बोंडंही तोडलेली, दोन झाडं आडवी. आईने कपाळाला हात लावला.

"बाई, तुमच्या पाया पडतो, घरी जा!"

"आता कुठं हात बसून राह्यला. उद्या बी येतो आम्ही."

"कायले येता? पोरीले उद्यापासून धाडतो ना मी!"

परतताना मी बाईंना चिडवलं, "शिकवणं सोपं, वेचणं कठीण, नाही का?" बाई साडीवरचा कचरा झटकत गंभीरपणे बाहेर बघत राहिल्या.

काका मात्र मागच्या सीटवर हसून हसून लाल झाले होते. "अरे बाबू, लग्नाच्या आधी हिच्याएवढा साफ कापूस हिच्या गावात कोनी वेचत नव्हतं!"