शेजारची जागा

काल दुपारी एसटी स्टँडवर बसची वाट पाहत होते. समोरच्या बाकावर वर्दीतली एक तरुण कॉन्स्टेबल एकटीच डबा खात होती. एवढी गर्दी, पण तिच्या शेजारी कुणी बसेना. बोचकं सांभाळत एक म्हातारी जवळच उभी होती. कॉन्स्टेबल सरकून म्हणाली, "आजी, बसा ना."

"नको बाई. माझ्या लेकालाही तुमच्या लोकांनी असंच गोड बोलून नेलं होतं. मार खाऊन आला, तेव्हापासून धड बोलत नाही."

कॉन्स्टेबलने हातातला घास परत डब्यात ठेवला. गर्दी हटवायचा अधिकार तिच्याकडे होता. कुणाला शेजारी बसवायचा अधिकार कुठली वर्दी देते? तिने डबा बंद केला आणि लांब खांबापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

मग म्हातारी बसली.